बार्शी लाईटची प्रतिकृती करायची, तर आधी साल ठरवा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

लातूर येथील काही हौशी मंडळी आणि तंत्रनिकेतनाचे विद्यार्थी एकत्र येऊन मिरज–कुर्डुवाडी–बार्शी–लातूर या ‘बार्शी लाईट’ नावाच्या जुन्या अरुंद रेल्वेमार्गाची चालती प्रतिकृती उभारणार असल्याची बातमी आपल्या दैनिकात वाचली. हस्तव्यवसाय शिकवण्यात आणि निवृत्तीनंतर छोट्या गाड्यांची प्रतिरूपे करण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्या माणसाला या बातमीचा आनंद व्हावा हे ओघानेच आले. मात्र बातमीत त्या योजनेचे जे वर्णन आले आहे, त्यावरून हे काम सुरू होण्याआधीच भरकटेल अशी शंका येते. संपूर्ण मार्ग एका सभागृहात बसवायचा, आजच्या नकाशावरून रेषा आखायची, वाफेचे इंजिन, डिझेल इंजिन आणि ‘वंदे भारत’ या तिन्ही गाड्या एकाच रुळावर फिरवायच्या आणि मुलांना आवडावेत म्हणून बोगदे व धबधबे घालायचे, असा तो बेत दिसतो. असे केल्यास एक आकर्षक खेळणे नक्की तयार होईल, पण त्याला बार्शी लाईटचे नाव देता येणार नाही.

माझे म्हणणे थोडक्यात इतकेच आहे, की प्रतिकृती गाडीची नव्हे, मार्गाची करावी. आणि मार्गाची करायची, तर त्याचा एकच तुकडा, एकच साल आणि शक्य झाल्यास एकच महिना ठरवून ती करावी.

आधी लांबीचा हिशेब पाहू. कुर्डुवाडी ते बार्शी हा पहिला टप्पा १८९७ मध्ये सुरू झाला, १९०६ मध्ये पंढरपूर जोडले गेले, १९११ मध्ये गाडी लातूरला पोहोचली आणि १९२७ मध्ये मिरजेला. या सर्व शाखांची लांबी सुमारे सव्वातीनशे किलोमीटर भरते. हौशी मंडळींमध्ये सर्वांत रूढ असलेले १:८७ हे प्रमाण धरले, तर सव्वातीनशे किलोमीटरचे पावणेचार किलोमीटर होतात. कुर्डुवाडी–बार्शी हा पस्तीस किलोमीटरचा आरंभीचा टप्पा एकटाच घेतला तरी त्याला चारशे मीटर जागा लागेल. म्हणजे सभागृहात सारा मार्ग बसवायचा, तर प्रत्येक स्टेशन वीतभर करावे लागेल आणि दोन स्टेशनांमध्ये हातभर अंतरही उरणार नाही. मराठवाड्यातला प्रवास ज्यांनी केला आहे त्यांना ठाऊक आहे, की या मार्गाचा खरा स्वभाव स्टेशनांमध्ये नव्हता, तो दोन स्टेशनांमधल्या लांबच लांब माळरानात होता. ते माळरानच कापून टाकले, तर उरते काय?

म्हणून मी असे सुचवतो, की एका टोकाला लातूर, मध्ये एखादे ‘रोड’ स्टेशन, त्यानंतर येडशीकडचा बालाघाटाचा चढ एवढेच दाखवावे, आणि त्यापुढची बार्शी, कुर्डुवाडी हे सारे पडद्यामागच्या लपवलेल्या यार्डात ठेवावे. गाडी पडद्यामागून येते, म्हणजे ती बार्शीहून आली असे प्रेक्षकाने समजायचे. जगभरचे जाणकार हेच करतात आणि त्यात कमीपणा काही नाही.

‘रोड’ स्टेशनाचा आग्रह मी मुद्दाम धरतो. या मार्गावर कळंब रोड आणि औसा रोड अशी स्टेशने होती. कळंब आणि औसा ही गावे रुळांपासून चांगलीच दूर असल्यामुळे तेथे स्टेशनापाठी गाव नव्हते. होता तो केवळ गावाकडे जाणारा रस्ता, दोन-चार झाडे, चहाचे एखादे छप्पर आणि गाडीच्या वेळेला गोळा होणाऱ्या बैलगाड्या व टांगे. प्रतिकृती करणारे नवखे लोक स्टेशन म्हटले की मागे तीन मजली इमारतींची रांग उभी करतात. येथे नेमके उलटे करायचे आहे. फलाटामागे मोकळी जमीन ठेवण्याचे धैर्य ज्याला होईल, त्यालाच हे स्टेशन साधेल.

आता रुळांकडे वळतो, कारण सर्वाधिक घोटाळा येथेच होतो. बार्शी लाईटच्या दोन रुळांतील अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर होते. दार्जिलिंग आणि माथेरानच्या गाड्या दोन फुटी रुळांवर चालतात, त्यामुळे कोणी उत्साहाच्या भरात दार्जिलिंगचे छोटे इंजिन आणून लातूरच्या फलाटाला लावले, तर ते दिसायला गोंडस असले तरी तेथे शोभणार नाही. १:८७ या प्रमाणात ७६२ मिलिमीटरचे पावणेनऊ मिलिमीटर होतात आणि बाजारात ९ मिलिमीटर अंतराचे रूळ सहज मिळतात, ही या मार्गाच्या प्रतिकृतीकारांना लाभलेली मोठीच सोय आहे. ब्रिटनमध्ये रूढ असलेल्या १:७६.२ या प्रमाणात हेच अंतर बरोबर १० मिलिमीटर भरते आणि ९ मिलिमीटरचे रूळ थोडे अरुंद पडतात. म्हणून १:८७ हेच आपल्याला सोयीचे. गंमत अशी, की आपल्या देशातील रुंद मार्गाची प्रतिकृती करणाऱ्याला ही सोय नाही. १६७६ मिलिमीटरला ८७ ने भागले तर १९ मिलिमीटरहून थोडे अधिक येतात आणि बाजारातले १६.५ मिलिमीटरचे रूळ तर युरोपातील १४३५ मिलिमीटरच्या मार्गासाठी केलेले आहेत. म्हणजे मुंबईच्या मेलपेक्षा लातूरची छोटी गाडी अधिक बिनचूक करता येते.

परंतु रुळांतील अंतर जुळले म्हणजे रूळ जुळले असे होत नाही. हा मार्ग मुळात हलक्या रुळांवर बांधलेला होता. यार्डाला तीस पौंड, म्हणजे मीटरला जेमतेम पंधरा किलो वजनाचा रूळ. आज मुख्य मार्गांवर साठ किलोचा रूळ असतो. तीस पौंडी रुळाची उंची सुमारे तीन इंच असते. प्रमाणात ती एक मिलिमीटरलाही थोडी कमी भरते. बाजारात मिळणारा नेहमीचा ९ मिलिमीटरचा ट्रॅक घेतला, तर त्यातील रूळ दोन मिलिमीटर उंच असतो. ८७ ने गुणल्यावर तो आजच्या साठ किलोच्या रुळापेक्षाही उंच ठरतो! शिवाय त्याचे स्लीपर बारीक आणि दाटीवाटीने बसवलेले असतात, कारण तो ट्रॅक मुळात १:१६० या प्रमाणातील मोठ्या रेल्वेसाठी केलेला असतो. तो तसाच अंथरला तर पाहणाऱ्याला काहीतरी चुकल्यासारखे वाटते, पण काय चुकले ते सांगता येत नाही. यावर उपाय दोन. अरुंद मार्गासाठीच तयार केलेला, विरळ स्लीपरांचा ट्रॅक मिळवावा. किंवा निदान स्टेशनातील समोरची मार्गिका तरी हाताने, बारीक रूळ स्लीपरवर एकेक चिकटवून घालावी. विद्यार्थ्यांना हे काम किचकट वाटेल हे मी जाणतो, पण तंत्रनिकेतनात डाखणकाम (सोल्डरिंग) शिकलेल्या मुलाला ते अवघड जाऊ नये.

रूळ हलके का होते, हे प्रतिकृतीशेजारच्या फलकावर अवश्य लिहावे, कारण या मार्गाला तंत्रज्ञानाच्या इतिहासात जे स्थान आहे ते त्याचमुळे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने हा मार्ग उभारला. अरुंद मार्ग म्हणजे दुय्यम, कमी ओझ्याचा मार्ग, ही तेव्हाची समजूत त्याला मान्य नव्हती. इंजिन असो की मालडबा, प्रत्येक आसावर, म्हणजे चाकांच्या जोडीवर, पाच टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही आणि तो भार सर्व आसांवर सारखा वाटायचा, एवढा एक नियम त्याने धरला. त्यामुळे हलक्या रुळांवरूनही मोठे बोगी डबे धावू शकले. चार आसांचा डबा भरून वीस टनांपर्यंत जाऊ शकत होता आणि इंजिनाला म्हणूनच इतकी चाके दिली गेली, की पहिल्या इंजिनांना जोडलेली आठ चाके आणि मागे आणखी चार, अशी बारा चाके होती. ही इंजिने लीड्सच्या किटसन कंपनीची. माल हिंदुस्थानात पाठवण्यापूर्वी कॅलथ्रॉपने १८९६ मध्ये लीड्सजवळ न्यूले येथे तात्पुरता मार्ग घालून इंजिन व डबे इंग्लंडमधील अभियंत्यांना चालवून दाखवले होते. पुढे इंग्लंडमधील लीक अँड मॅनिफोल्ड ही १९०४ ची रेल्वे त्याने याच अडीच फुटी मापावर आणि याच तत्त्वावर बांधली. म्हणजे ती बार्शीचे धाकटे भावंड. तिच्या इंजिनांचे जुळणी-संच परदेशी हौशी बाजारात मिळतात आणि आपल्या मंडळींना ते आणून रंग बदलण्याचा मोह होईल. तो आवरावा, कारण त्या इंजिनांची चाकांची रचना बार्शीच्या इंजिनांहून वेगळी आहे. (हाच कॅलथ्रॉप पुढे विमानांसाठी हवाई छत्र्या बनवण्याच्या नादी लागला. फलकावर जागा उरली तर हेही लिहायला हरकत नाही, मुले ते वाचतील.)

मालडबे पंचवीस फूट लांबीचे धरले, तर ते प्रमाणात पावणेनऊ सेंटिमीटर होतात. त्रिमितीय छपाईचे यंत्र आता महाविद्यालयांतून असते. डब्याचा सांगाडा त्यावर छापावा आणि चाके तेवढी विकत घ्यावीत. इंजिनासाठी बाजारातील ९ मिलिमीटरवर धावणारे एखादे मोटार व चाकांसहितचे यांत्रिक बूड घेऊन त्यावर छापलेले शरीर चढवणे हा मार्ग स्वस्तातला. वीजपुरवठा साध्या १२ व्होल्टचा पुरे. संगणकीय नियंत्रण हवे तर नंतर बसवता येते; त्याविषयी विद्यार्थ्यांना मी काय सांगणार?

आता सालाचा प्रश्न. सर्व काळातील गाड्या एकत्र फिरवल्या की प्रेक्षक खूश होतात, पण मग ते दृश्य कोणत्याच काळाचे राहत नाही. १९४८ पूर्वीचे साल घेतले तर लातूर आणि धाराशिव हा सारा टापू निजामाच्या राज्यात आणि बार्शी इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात होती, म्हणजे गाडी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात होती. त्या काळाची प्रतिकृती करायची तर पाट्या, गणवेश, करोडगिरीचे (जकातीचे) नाके हे सारे आले. विषय फार समृद्ध आहे, पण त्या काळाची साक्ष देणारे आता राहिलेले नाहीत. १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने कंपनीकडून हा मार्ग ताब्यात घेतला आणि पुढे तो मध्य रेल्वेत आला. दुसऱ्या टोकाला, धाराशिव–लातूर हा रुंद मार्ग २००७ मध्ये आणि कुर्डुवाडी–धाराशिव २००८ मध्ये सुरू झाला. या दोहोंमधले, साधारण १९७५ च्या आसपासचे एखादे साल मी सुचवीन. वाफेची इंजिने तेव्हा रोजच्या कामात होती आणि त्या वेळी पंचवीस-तीस वर्षांचे असलेले फायरमन, सांधेवाले आणि गँगमन आज पंचाहत्तरी-ऐंशीचे असले तरी आपल्यात आहेत. कोणते सिग्नल कुठे होते, पाण्याचा नळ फलाटाच्या कोणत्या टोकाला होता, राखेचा ढीग कुठे पडे, हे त्यांच्याशिवाय कोणी सांगू शकणार नाही. आणखी दहा वर्षांनी हा प्रश्न विचारायला माणूस मिळणार नाही, म्हणून हे काम आधी करावे आणि सुतारकाम मागाहून.

साल ठरले की शेतातले पीकही ठरते. अनेक प्रतिकृती मी अशा पाहिल्या आहेत, की ज्यांच्या रुळांच्या दोन्ही बाजूंना युरोपातील कुरणासारखे हिरवेगार कृत्रिम गवत पसरलेले असते. आपल्याकडे तसे गवत श्रावण-भाद्रपदात दोन महिने दिसते. आज लातूर जिल्हा सोयाबीनसाठी ओळखला जातो, पण १९७५ च्या शेतात सोयाबीन दाखवणे चूक होईल. तेथे ज्वारी, तूर, करडई आणि कापूस हवा. मी महिना जानेवारीचा धरीन. शाळू तेव्हा पोटरीतून बाहेर पडून कणसावर आलेला असतो, करडई फुललेली असते, काळी जमीन भेगाळू लागलेली असते आणि ढोकीच्या तेरणा साखर कारखान्याचा गाळप हंगाम चालू असल्यामुळे फाटकाशी उसाच्या बैलगाड्यांची रांग दाखवता येते. ज्वारीचे ताट अडीच मीटरचे धरले तर प्रमाणात ते तीन सेंटिमीटरला थोडे कमी होते. या छोट्या गाडीचा डबा रुंद मार्गाच्या डब्यापेक्षा बराच ठेंगणा असल्यामुळे पीक जवळजवळ खिडकीपर्यंत येते. काथ्याचे तंतू कापून, टोकाला थोडा डिंक लावून त्यावर बारीक भुसा चिकटवला की कणसे होतात, आणि अशा शेतामागून गाडी जाताना तिची निम्मी उंची झाकली जाते. या मार्गाचे जे चित्र जुन्या माणसांच्या डोळ्यांपुढे आहे ते असे आहे. मोठ्या पुलावरून जाणाऱ्या गाडीचे ते नाही.

खडीचेही असेच. दुकानात मिळणारी खडी पांढरट करडी असते, आपली खडी काळ्या पाषाणाची. खऱ्या खडीचा दोन इंची दगड प्रमाणात अर्ध्या मिलिमीटरहून जरा मोठा होतो. घराच्या बांधकामावरची काळी कच आणून ती प्रथम पिठाच्या चाळणीने आणि मग चहाच्या बारीक गाळणीने गाळली, गाळणीवर उरलेली धुऊन वाळवली, की फुकटात योग्य रंगाची आणि योग्य आकाराची खडी मिळते. यार्डात मात्र ती स्वच्छ घालू नये. तेथे मुरूम, माती, सांडलेला कोळसा आणि इंजिनातून गळलेले तेल यांनी रूळ अर्धे बुजलेले असत. घाटातल्या भागासाठी थर्मोकोल कापून त्यावर प्लास्टरचा लेप द्यावा आणि बालाघाटाचे आडवे थर, म्हणजे एक काळा कठीण पाषाणाचा आणि एक तांबूस मुरमाचा, असे पात्याने कोरून काढावेत. परदेशी पुस्तकांतून दाखवलेले उभे, टोकदार कडे आमच्या डोंगराला नाहीत.

आजच्या नकाशावरून रेषा आखण्याविषयी बातमीत जे म्हटले आहे, त्याला माझी ठाम हरकत आहे. जुना अरुंद मार्ग धाराशिव शहरात जातच नव्हता. जिल्ह्याच्या ठिकाणच्या माणसाला गाडी पकडायला येडशी गाठावी लागे. रुंदीकरण करताना मार्ग मुद्दाम वळवून शहराजवळून नेला गेला आणि तेव्हा कुठे धाराशिवला स्टेशन मिळाले. लातुरातही जुने स्टेशन गावात होते, नवे वेगळ्या जागी आहे. जुन्या मार्गाच्या जागेला लोक आजही ‘जुनी रेल्वे लाईन’ म्हणतात आणि पत्त्यातही तसे लिहितात. म्हणजे उपग्रहाच्या चित्रावरून मार्ग काढणारा विद्यार्थी १९७५ ची गाडी धाराशिवच्या फलाटावर उभी करील आणि कोणी जाणता ज्येष्ठ ती पाहून हसेल. त्यासाठी जुने स्थलदर्शक नकाशे पाहावेत, आणि जेथे भराव, मोऱ्या, फलाटाच्या दगडी कडा अजून शाबूत असतील तेथे फीत घेऊन जावे. मोरीचे तोंड मोजायला दोन माणसे आणि अर्धा तास पुरतो.

रुंद मार्गाला प्रतिकृतीत जागाच देऊ नये असे मात्र मी म्हणत नाही. उलट त्यासाठी शेजारी एक लहान, स्वतंत्र फळी करावी, आणि त्यावर एप्रिल २०१६ दाखवावा. त्या उन्हाळ्यात लातूरचे पाणी संपले, आणि मिरजेहून कृष्णेचे पाणी भरलेली दहा वाघिणींची (टाकीच्या मालडब्यांची) पहिली गाडी सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला आली, हे आपल्या वाचकांना मी सांगायला नको. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्याही आल्या. ती गाडी ज्या वाटेने आली ती वाट म्हणजे मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर, म्हणजे थोड्या फेरफाराने बार्शी लाईटचीच वाट. त्यातील एकेका वाघिणीत पन्नास हजार लिटर, म्हणजे पन्नास टन पाणी होते. कॅलथ्रॉपच्या मूळ नियमाप्रमाणे अरुंद मार्गाचा डबा स्वतःच्या वजनासकट वीस टनांवर जाऊ शकत नव्हता. म्हणजे एका वाघिणीचे पाणी आणायला तीनहून अधिक डबे लागले असते. १:८७ मध्ये केलेली एक टाकीची वाघीण आणि तिच्याशेजारी ते छोटे डबे नुसते ठेवले, तरी रुंदीकरणाने काय बदलले ते शाळकरी मुलालाही व्याख्यान न देता कळेल. हरंगुळच्या डबे बांधणीच्या कारखान्यामुळे ‘वंदे भारत’ दाखवण्याचा मोह होतो हे समजण्यासारखे आहे, परंतु लातूरकरांच्या आठवणीत पाण्याच्या गाडीइतकी दुसरी कोणतीही गाडी कोरलेली नाही.

गाडी चालवण्याविषयी एक सूचना. गोल गोल फिरणारी गाडी पाच मिनिटांत कंटाळा आणते. लातूर हे अरुंद मार्गाचे शेवटचे स्टेशन होते. गाडी आली, की इंजिन सुटे करायचे, बाजूच्या रुळाने दुसऱ्या टोकाला न्यायचे, पाणी भरायचे, मालडबे मालधक्क्याला लावायचे आणि मग परतीची गाडी सोडायची. या हालचाली प्रेक्षकांसमोर संथपणे कराव्यात. आडतीचे, सरकीचे आणि गुळाचे डबे कोठे लागत हे ठरवून त्याप्रमाणे सांधे बदलावेत. जुन्या वेळापत्रकातील गाड्यांच्या वेळा घेऊन घड्याळ वेगाने फिरवले, तर लातूरचा एक दिवस तासाभरात दाखवता येतो. मधल्या वेळात फलाट रिकामा राहील, तर राहू द्यावा. दिवसातून मोजक्याच गाड्या असलेल्या मार्गाचे ते लक्षण आहे. बार्शी लाईटच्या वेगावर पुष्कळ विनोद झाले, चालत्या गाडीतून उतरून परत चढता येई वगैरे. प्रतिकृतीकारांनी त्या विनोदाला बळी पडून गाडी उगाच रांगवू नये आणि उलट इंजिनाला शर्यतीच्या वेगानेही पळवू नये. आषाढीची गर्दी, टपावर बसलेले वारकरी हे दाखवण्याची इच्छा होईल, पण आपण महिना जानेवारीचा धरला आहे. त्यासाठी पंढरपूरची फळी कोणी वेगळी करावी.

ही प्रतिकृती कोठे ठेवावी याबद्दल मी आग्रह धरत नाही. पुण्यात कोथरूडला लघुरेल्वेचे एक संग्रहालय १९९८ पासून चालू आहे आणि तिकिटे काढून लोक ते पाहतात, त्यामुळे असा प्रयोग टिकत नाही असे म्हणता येत नाही. लातुरात जागा नाही मिळाली, तर ढोकीजवळ तेरचा विचार व्हावा. तेथील पुराणवस्तू पाहायला बाहेरगावचे लोक आधीच येतात. इतकेच पाहावे, की फळ्या सुट्या, दोन माणसांना उचलता येतील अशा चार फुटी असाव्यात. सभागृह गेले की प्रतिकृतीही भंगारात गेली, असे होऊ नये.

शेवटी आपल्या दैनिकाला आणि वाचकांना एक विनंती. या मार्गाच्या इंजिनांची छायाचित्रे परदेशी हौशी छायाचित्रकारांनी बरीच काढून ठेवली आहेत. पण स्टेशनाच्या मागच्या बाजूचे, मालधक्क्याचे, फाटकवाल्याच्या खोलीचे छायाचित्र कोणी मुद्दाम काढलेले नाही. ते मिळेल तर आपल्या घरांतल्या अल्बममध्ये. वरात गाडीतून उतरतानाचे, बदली झालेल्या मास्तरांच्या निरोपाचे, सैन्यात निघालेल्या मुलाला पोचवायला गेलेल्या कुटुंबाचे असे छायाचित्र असेल, तर त्यातील माणसांमागे भिंत, खिडकी, कौले, दिव्याचा खांब दिसत असतो. त्या चित्रात रूळ दिसत असतील तर फारच उत्तम, कारण रुळांतले अंतर ७६२ मिलिमीटर हे पक्के माप हाताशी असल्याने त्याच्या जवळपासच्या दाराची रुंदी आणि फलाटाची उंची काढता येते. एखाद्याच्या घरी जुने कामकाजाचे वेळापत्रक, गार्डाची वही, पार्सलाची पावती किंवा पुठ्ठ्याचे तिकीट पडून असेल, तर त्याचाही उपयोग आहे.

लातूरच्या मंडळींची हरकत नसेल, तर अशी छायाचित्रे आपल्या जिल्हा कार्यालयांत स्वीकारण्याची व्यवस्था करावी. मूळ छायाचित्र ठेवून घेऊ नये. मोबाईलवर न काढता स्कॅनरवर प्रत घ्यावी आणि मूळ प्रत त्याच दिवशी परत करावी. स्टेशनाचे नाव आणि साल वेगळ्या चिठ्ठीवर लिहावे, छायाचित्राच्या पाठीवर बॉलपेनने लिहू नये, त्याचा वळ पुढच्या बाजूला उमटतो. मुरूड ते हरंगुळ या पट्ट्यातील जुन्या मोऱ्यांची मी घेतलेली मापे आणि त्यांची रेखाचित्रे या पत्रासोबत जोडली आहेत. ती त्या मंडळींकडे पोहोचती करावीत.

आपला,
एक निवृत्त हस्तव्यवसाय शिक्षक
मुरूड, जि. लातूर